शत्रूचे माणूसपण : करवीर परिसरातील युद्धस्मृतींच्या आधारे एक आढावा

युद्धात शत्रूला माणूस मानणे सुटते आणि ते सुटल्याखेरीज सामान्य माणसाच्या हातून हत्या घडत नाही, हे विधान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाजमानसशास्त्रात इतके रुळले की पुढे ते तपासून पाहण्याची गरजही फारशा कोणाला वाटेनाशी झाली. या प्रक्रियेला अमानवीकरण असे नाव आहे. नाव, कुळ, दुःख आणि विवेक असलेल्या माणसांच्या मंडळातून एखाद्या व्यक्तीला किंवा समूहाला बाहेर काढून पशू, कीड, राक्षस, यंत्र किंवा निव्वळ आकडा यांच्या रांगेत नेऊन बसवणे, असा तिचा अर्थ. हे विधान कोणत्या युद्धात खरे ठरते आणि कोणत्या युद्धात लटके पडते, याची छाननी करण्यास कोल्हापूर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख विशेष सोयीचा आहे. पन्हाळा आणि विशाळगड या किल्ल्यांभोवती आदिलशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज अशा चार सत्तांच्या झुंजी झाल्या, त्यांतील बहुतेक पक्षांनी आपापल्या बाजूने लिहून ठेवले, आणि त्या झुंजींच्या आठवणी या परिसरात अद्याप निवलेल्या नाहीत. या साधनांचा एकत्र विचार केला तर असे दिसते की शत्रूचे माणूसपण टिकणे वा नाकारले जाणे हे द्वेषाच्या तीव्रतेवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते उद्या त्या शत्रूशी काही व्यवहार करायचा आहे की नाही यावर अवलंबून असते.

या विषयावरील सैद्धांतिक मांडणीची सुरुवात सामान्यतः हर्बर्ट केल्मन यांच्या १९७३ मधील निबंधापासून धरली जाते. सामूहिक हत्याकांडांमागे तीन गोष्टी असतात, असे केल्मन यांनी म्हटले : वरून मिळालेली मुभा, कृत्याचे रोजच्या कामात झालेले रूपांतर, आणि बळीचे अमानवीकरण. दोनच वर्षांनी अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यात सहभागी झालेल्यांना दुसऱ्या एका गटाला चुकीबद्दल विजेचे धक्के देण्याचे काम सांगितले होते (धक्के खरे नव्हते, हे त्यांना ठाऊक नव्हते). तो गट पशूंसारखा आहे, असा शेरा ज्यांच्या कानावर सहज पडल्यासारखा घातला गेला, त्यांनी इतरांपेक्षा तीव्र धक्के दिले. पुढे झाक-फिलिप लेयन्स यांनी न्यूनमानवीकरणाची कल्पना मांडली. परक्या गटाला राग आणि भीती असते हे मान्य करायचे, पण पश्चात्ताप, कृतज्ञता किंवा हळहळ यांसारख्या खास मानवी मानल्या गेलेल्या भावना मात्र आपल्याच गटासाठी राखून ठेवायच्या, असा हा सौम्य आणि म्हणूनच सहसा न जाणवणारा प्रकार आहे. निक हॅस्लम यांनी २००६ मध्ये पशुसदृश आणि यंत्रसदृश असे दोन भेद केले. नूर क्टेली, एमिल ब्रुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये, वानरापासून मानवापर्यंतच्या उत्क्रांतीचे सर्वपरिचित चित्र लोकांपुढे ठेवून, अमुक समूह या रांगेत कोठे बसतो असे थेट विचारले, तेव्हा असंख्य सुशिक्षित लोकांनी संकोच न बाळगता काही समूहांना मागच्या जागा दिल्या.

या अभ्यासांची एक मर्यादा सुरुवातीलाच नोंदवणे आवश्यक आहे. त्यांतील बहुतेक प्रयोगशाळेत किंवा प्रश्नावलीवर झालेले आहेत, आणि शत्रूविषयी काय बोलले जाते यावरून शत्रूशी काय केले जाईल याचे अनुमान त्यांत काढले जाते. इतिहासाच्या साधनांत बोलणे आणि करणे या दोहोंची नोंद सापडते, आणि त्या दोन नोंदी वारंवार परस्परांशी जुळत नाहीत.

शत्रूला पशूची उपमा देणे हे अमानवीकरणाचे सर्वांत ठळक लक्षण मानले जाते, परंतु मराठी वाचकाला या लक्षणाविषयी शंका यायला हवी, कारण मराठी परंपरेत आपल्याच वीरांना वाघ, सिंह आणि छावा म्हटले जाते व त्यात त्यांच्या माणूसपणाची घट कोणालाही जाणवत नाही. १८५७ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात जॉन टेनिअल यांचे जे गाजलेले व्यंगचित्र आले, त्यात बंगालच्या वाघावर ब्रिटिश सिंह झेप घेताना दाखवला होता, म्हणजे दोन्ही पक्ष पशूच होते. तेव्हा निर्णायक गोष्ट पशुत्व ही नसून कोणत्या जातीचे पशुत्व ही आहे. वाघाशी लढाई होते; उंदीर, टोळ आणि झुरळ यांचा नायनाट केला जातो. तसाच भेद राक्षसाच्या आणि किड्याच्या प्रतिमेत आहे. जॉन डाउअर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रशांत महासागरातील युद्धाचा प्रचार तपासला. अमेरिकी चित्रकारांनी जपान्यांना माकडे व किडे म्हणून रंगवले, तर जपानी प्रचारात अमेरिकी व इंग्रज हे लोककथेतील राक्षस झाले, असे त्यांनी दाखवले. राक्षस हा माणसापेक्षा बलवान असतो, त्याच्याशी लढण्याने लढणाऱ्याची उंची वाढते, आणि पुराणांतील राक्षसांना कुळ, तप, बायकामुले व कधीकधी मुक्तीही असते. किड्याला यांतले काहीच नसते.

सतराव्या शतकातील मराठी पक्षाच्या वाङ्मयात राक्षसाचा साचा भरपूर आहे. कवींद्र परमानंद यांच्या 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यात शिवाजी महाराज हे विष्णूचा अंश आणि त्यांचे यवन शत्रू हे दैत्यांचे अवतार असा आराखडा आहे. परंतु त्याच काव्यात भातवडीच्या लढाईचे वर्णन करताना मलिक अंबर या हबशी सेनानीचा गौरव कार्तिकेयाच्या तोलाच्या उपमेने केलेला आहे, कारण त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने उभे होते. दैत्य हा शिक्का वंशाला किंवा धर्माला कायमचा चिकटलेला नव्हता. समोर उभा राहिला की दैत्य आणि शेजारी उभा राहिला की देवसेनापती, अशी ती भूमिकेची नेमणूक होती.

त्या काळच्या रणांगणाची रचनाच अशी होती की शत्रू हा कायमचा परका राहू शकत नसे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि गजापूरच्या खिंडीत बाजीप्रभू देशपांडे पडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्या विशाळगडावर महाराजांना पोहोचायचे होते त्याला आदिलशाहीच्या बाजूने वेढा घालून बसलेले पालवणीचे जसवंतराव दळवी आणि शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे हे मराठे होते, ही गोष्ट मात्र सांगताना बहुधा गाळली जाते. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता आणि प्रतापगडाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. चाकरी बदलणे हा त्या काळी नित्याचा व्यवहार असल्यामुळे आजचा शत्रू हा उद्याचा धनी, सोयरा किंवा हाताखालचा सरदार होण्याची शक्यता नेहमी शिल्लक असे, आणि ती शिल्लक शत्रूच्या माणूसपणाला एक प्रकारचे तारण पुरवी.

या तारणाची सर्वांत कठोर परीक्षा १६८९ मध्ये झाली. फेब्रुवारीच्या आरंभी मुकर्रबखान हा मोगल सरदार कोल्हापूरच्या छावणीतून आंबा घाटाने संगमेश्वरावर चालून गेला आणि त्याने संभाजी महाराजांना पकडले. बहादूरगडाच्या छावणीत त्यांना विदूषकाचा वेश घालून, लाकडी टोपी व घुंगरू चढवून, उंटावरून धिंड काढत नेण्यात आले, असे साकी मुस्तैदखानाच्या 'मासिर-इ-आलमगिरी' या दरबारी ग्रंथात अभिमानाने लिहिले आहे. ११ मार्चला भीमेच्या काठी त्यांचा छळ करून वध झाला. हे क्रौर्य अमानवीकरणाचे उदाहरण म्हणून सर्रास दिले जाईल, परंतु नीट पाहिले तर त्याचा अर्थ उलटा लागतो. किड्याला कोणी विदूषकाचा वेश चढवत नाही. जो राजा आहे, ज्याला मानापमान कळतो आणि ज्याचा अपमान पाहून त्याची प्रजा खचेल अशी अपेक्षा आहे, त्याचीच धिंड काढली जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडल्यावर हाती आलेल्या संभाजीपुत्र शाहूला, जो तेव्हा सात वर्षांचा होता, त्याच बादशहाने सात हजारी मनसब आणि राजा हा किताब दिला व आपल्या छावणीत वाढवले. बापाचा वध आणि मुलाला मनसब या दोन कृती एकाच धोरणाच्या होत्या, कारण मोगल दरबाराला मराठ्यांशी पुढे कधीतरी करार करायचा होता आणि करारासाठी राजा लागतो.

याच काळातील मोगल वेढ्यांची हकिगत याहून बोलकी आहे. औरंगजेब स्वतः फौजेसह करवीर प्रांतात आला असता १७०१ च्या मे महिन्यात पन्हाळा आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये विशाळगड त्याच्या हाती लागला. दोन्ही किल्ले अखेरीस तोफांनी नव्हे तर वाटाघाटींनी आणि पैशाने पडले; विशाळगडासाठी परशुराम त्र्यंबक प्रतिनिधींना २ लाख रुपये पोहोचले. पैसे घेऊन किल्ला सोडायचा, त्याच पैशात शिबंदी उभारायची आणि बादशहाची पाठ वळताच किल्ला परत घ्यायचा, हा ताराबाईंच्या काळातील युद्धाचा ठरून गेलेला डाव होता. असे सौदे करायला समोरचा शब्द देऊ शकतो आणि काही अंशी पाळू शकतो, हे गृहीत धरावे लागते.

खाफीखान या मोगल इतिहासकाराचे लेखन या संदर्भात पुन्हापुन्हा उद्धृत होते, आणि ते योग्यच आहे. त्याने शिवाजी महाराजांच्या मृत्यूचा सन काढण्यासाठी काफर नरकात गेला अशा अर्थाची शब्दरचना योजली. परंतु मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव होऊ न देण्याचा त्यांचा दंडक होता, ही नोंदही त्यानेच केली आणि ताराबाईंच्या मुलकी व लष्करी कारभाराच्या जाणतेपणाचीही त्याने स्पष्ट शब्दांत वाखाणणी केली. दरबारात लिहिणाऱ्या माणसाला शत्रूला शिवी द्यावीच लागते. ती दिल्यानंतर तो काय लिहितो हे पाहिले म्हणजे शिवीची खोली कळते. मोगलांच्या चाकरीत बुंदेल्या सरदाराबरोबर दख्खनभर हिंडलेला भीमसेन सक्सेना याच्याही पुढे जातो, कारण जहागीरदारांच्या जुलमाने पिडलेली रयत शेती सोडून घोडी व हत्यारे मिळवते आणि मराठ्यांना जाऊन मिळते, अशी कारणमीमांसा तो देतो. शत्रूच्या वागण्याला कारण असते असे मानणे ही त्याला माणूस मानण्याची पहिली पायरी आहे.

कोल्हापूर राज्याच्या स्थापनेनंतर लगेच, सुमारे १७१५ मध्ये, बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे सिद्ध झालेले 'आज्ञापत्र' हा या वृत्तीचा सर्वांत परिपक्व दाखला होय. त्यातील टोपीकरांविषयीचे प्रकरण, म्हणजे इंग्रज, फिरंगी, वलंदेज आदी युरोपीय व्यापाऱ्यांविषयीचे विवेचन, विलक्षण थंड डोक्याने लिहिलेले आहे. हे लोक नुसते सावकार नाहीत, त्यांच्या मागे राज्ये आहेत, ते हट्टी आहेत, हाती आलेले ठिकाण सोडत नाहीत, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये, वखारीला द्यायचीच तर आत, मोठ्या गावाशेजारी, सखल भागी द्यावी, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. या मजकुरात द्वेष नाही, आणि शत्रूला क्षुद्र लेखणेही नाही. लेखक त्यांना जेवढा घाबरतो तेवढेच नेमकेपणाने त्यांना ओळखतो. शत्रूला माणूस मानणे आणि त्याच्याविषयी दया बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब आधुनिक चर्चेत अनेकदा निसटते.

व्यवहाराची अपेक्षा संपली की काय होते, याचे उदाहरण मराठी वाचकाला थोडे अवघड जाईल, कारण त्यात मराठे दुसऱ्या बाजूला आहेत. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांत लढणाऱ्यांना तो मुलूख राखायचा नव्हता आणि तेथील रयतेशी त्यांचे कसलेही नाते नव्हते. चौथाई मिळेपर्यंत मुलूख नासवणे एवढाच हेतू होता. बर्दवानच्या दरबारातील वाणेश्वर विद्यालंकार या पंडिताने आपल्या 'चित्रचंपू' काव्यात मराठी सैनिकांना गर्भवतींचे व अर्भकांचे घातक म्हटले, आणि गंगाराम या कवीच्या 'महाराष्ट्र पुराण' या १७५१ च्या बंगाली काव्यात लूट, जाळपोळ आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची वर्णने आहेत. बारगिरांची, म्हणजे या मराठी स्वारांची, भीती घालून बाळाला निजवणारे बंगाली अंगाईगीत आजही माहीत आहे. गंगारामाच्या काव्याची चौकट 'शिवभारता'शी ताडून पाहण्यासारखी आहे : आरंभी पापी लोकांना शासन करण्यासाठी मराठ्यांना ईश्वरी प्रेरणेने पाठवले जाते, परंतु ते ब्राह्मणांना व स्त्रियांना मारू लागताच देवी त्यांच्यावर कोपते आणि नवाबाच्या पक्षाला जाते. या स्वाऱ्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांना १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून ठार केले. मराठी इतिहासलेखनात हा विश्वासघात ठळकपणे येतो, तर त्याआधीची दोन वर्षे मोजक्या ओळींत आटोपतात, ही उणीव स्पष्टपणे नोंदवली पाहिजे.

ही प्रतिमाही कायम राहिली नाही. १७५१ च्या तहाने ओरिसा व चौथाई मराठ्यांना मिळून स्वाऱ्या थांबल्या, आणि दीडशे वर्षांनी, इंग्रज हा समान प्रतिपक्ष झाल्यावर, बंगालमध्येच शिवाजी उत्सव सुरू झाला. बंगालमध्ये स्थायिक झालेले मराठी लेखक सखाराम गणेश देउस्कर यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०४ मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. लोकस्मृतीतील लुटारू अशा रीतीने स्फूर्तिस्थान झाला, अर्थात अंगाईगीत तसेच राहिले.

एकोणिसाव्या शतकात अमानवीकरणाला प्रशासनाचे हत्यार मिळाले. पेंढाऱ्यांविरुद्धच्या १८१७–१८ च्या मोहिमेत इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांचे वर्णन टोळधाडीच्या भाषेत केले आणि त्यांच्या समूळ उच्चाटनाचे धोरण जाहीर केले, तरी त्या मोहिमेच्या ओघात करीमखान पेंढाऱ्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि पेंढाऱ्यांचा पाठीराखा म्हणून गणला गेलेला अमीरखान टोंकचा नवाब झाला. टोळांच्या म्होरक्यांशी तह झाला. तह झाला नाही तो मागे उरलेल्या सामान्य माणसांशी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर काही समूह जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि एके काळी गडांची राखण करणाऱ्या बेरड-रामोशांना रोज चावडीवर हजेरी देण्याची पाळी आली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना संस्थानात आश्रय व नोकऱ्या दिल्या. युद्ध संपल्यावरही युद्धातील शत्रूची व्याख्या कागदावर किती काळ जिवंत राहते, याचा हा नमुना आहे.

१८५७ चे कोल्हापूर हे या आढाव्यातील सर्वांत कठीण प्रकरण आहे. ३१ जुलैच्या रात्री येथील २७ व्या मुंबई देशी पायदळ पलटणीतील शिपायांनी उठाव केला, पळून निघालेले काही तरुण इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि ऑगस्टमध्ये कर्नल जॉर्ज ल ग्रँड जेकब याने येऊन पलटणीची हत्यारे काढून घेतली. शिपायांना जाहीर शिक्षा झाल्या, त्यांत काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. डिसेंबरमध्ये शहराचे दरवाजे बंद करून पुन्हा प्रतिकार झाला व तोही मोडला गेला. राजघराण्यातील चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले आणि तेथेच १८६९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. राजपुत्राला हद्दपारी आणि शिपायाला तोफ, हा भेद बापाचा वध आणि मुलाला मनसब या मोगल छावणीतील भेदाची आठवण करून देतो. तोफेच्या तोंडी देणे ही इंग्रजांची निर्मिती नव्हे. मोगल व मराठे या दोन्ही राज्यांत ती शिक्षा होती. परंतु देह छिन्नविच्छिन्न होऊन दहन किंवा दफन अशक्य व्हावे आणि पाहणाऱ्याला परलोकाचीही धास्ती बसावी, हा तिचा हेतू तत्कालीन इंग्रजी लेखनात उघडपणे मांडलेला आढळतो.

येथे केल्मन-बांडुरा परंपरेला गेल्या दोन दशकांत मिळालेले उत्तर उपयोगी पडते. अॅलन फिस्क आणि तेज राय यांनी २०१४ मध्ये असे प्रतिपादन केले की बहुतांश हिंसा करणाऱ्याला ती नैतिक कर्तव्य वाटते, म्हणजे ती शासन, सूड किंवा मर्यादारक्षण म्हणून केली जाते, आणि शासन फक्त माणसालाच करता येते. राय यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बळीला माणूसपणापासून दूर केल्याने लाभासाठी केली जाणारी हिंसा वाढली, पण नैतिक रागातून केली जाणारी हिंसा वाढली नाही. योहानेस लांग यांनी नाझी छळछावण्यांच्या अभ्यासातून दाखवले की रक्षकांच्या क्रौर्याचा मोठा भाग बळीच्या मानवी लज्जेवर व भीतीवर पोसलेला होता. कोल्हापुरातील तोफांच्या शिक्षेचा खुलासा या मांडणीने अधिक नीट होतो, तर बंगालमधील स्वाऱ्यांचा खुलासा जुन्या मांडणीने होतो. बारगिराला बंगाली शेतकऱ्याचा राग नव्हता, शेतकरी हा त्याच्या लेखी चौथाईच्या वाटेवरचा अडथळा होता. या दोन मांडण्यांपैकी एकच खरी मानण्याचा आग्रह म्हणूनच निष्फळ आहे.

प्रत्यक्ष लढणारे शत्रूचा द्वेष सर्वांत जास्त करतात, ही समजूतही पुराव्याने डळमळते. पहिल्या महायुद्धात कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी या भागांतून मोठी भरती झाली आणि शिरोळ तालुक्यातील टाकळीसारखे गाव तर सैनिक टाकळी म्हणूनच ओळखले जाऊ लागले. येथले जवान मेसोपोटेमियात तुर्कांशी लढले, कुतच्या वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेले. त्या युद्धातील हिंदी सैनिकांची जी सेन्सॉर झालेली पत्रे उपलब्ध आहेत, त्यांत नमक, इज्जत, थंडी, रजा आणि घरची शेती यांची चिंता आहे, शत्रूला राक्षस ठरवणारी भाषा विरळ आहे. ती भाषा लंडनच्या भिंतीवरील जाहिरातींत होती. ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी पोलंडमध्ये ज्यूंची हत्याकांडे करणाऱ्या जर्मन राखीव पोलीस पलटणीचा अभ्यास केला, तेव्हा सोबत्यांपुढे कच खाल्ली असे दिसू नये हा दबाव विचारसरणीइतकाच प्रबळ दिसला. रवांडातील १९९४ च्या वंशसंहारात नभोवाणीवरून तुत्सींना झुरळे म्हटले जात होते हे खरे. पण स्कॉट स्ट्राउस यांनी २०० हून अधिक शिक्षा झालेल्या मारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा भीती, गावातील दडपण आणि युद्धाचा गोंधळ हीच कारणे पुढे आली. १९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेरखान याच्या शौर्याची शिफारस भारतीय ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी केली आणि त्याला त्याच्या देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

आघाडीपासून दूर, ग्रंथांत आणि पडद्यावर, शत्रूची प्रतिमा अधिक मोकळेपणाने घडते. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवल्याची कथा समकालीन कागदपत्रांत सापडत नसली तरी लोकमनात दृढ आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२४ मध्ये तिच्यावर 'कल्याण खजिना' हा मूकपट काढला. वि. दा. सावरकरांनी 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने' या ग्रंथात याच कथेवर आणि वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी दाखवलेल्या तशाच औदार्यावर टीका करून त्याला सद्गुणविकृती ठरवले. या युक्तिवादाला अमानवीकरण म्हणणे चुकीचे ठरेल, कारण त्यात शत्रूच्या स्त्रीचे माणूसपण नाकारलेले नाही. नाकारली आहे ती तिची स्वतंत्र व्यक्ती म्हणून असलेली ओळख. ती समूहाचा भाग आहे आणि समूहाच्या कृत्यांचा हिशेब तिच्याकडून चुकता करता येतो, हे त्यामागचे गृहीत आहे, आणि सूडाच्या राजकारणाला शत्रू किडा आहे या समजुतीपेक्षा या गृहीताचा आधार कितीतरी अधिक मिळालेला आहे.

कायद्यानेही तेच गृहीत वापरले. दुसऱ्या महायुद्धात अहमदनगर, देवळाली, सातारा आणि पुरंदर येथे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ज्यांना अडकवण्यात आले, त्यांत हिटलरच्या तावडीतून पळून आलेले ज्यूही होते. त्याच युद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया व कझाकस्तानकडे हाकलले होते, आणि नाझी परिभाषेत तर त्यांची गणना हीन मानवांत होत होती. १९४८ पर्यंत ती वसाहत टिकली व नंतर त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी येऊन गांधीनगर वसले. वळिवड्याचा उल्लेख हल्ली करवीरच्या औदार्याचा पुरावा म्हणून होतो आणि तो अवाजवी नाही, मात्र पोल हे कोल्हापूरकरांच्या स्मृतीत कधीही शत्रू नव्हते, त्यामुळे शत्रूविषयीच्या वृत्तीची कसोटी तेथे लागलीच नाही.

ती कसोटी अलीकडे वेगळ्या ठिकाणी लागली आहे. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरील अफजलखान वधाच्या चित्रावरून उसळलेली दंगल सांगली, इचलकरंजी आणि कोल्हापूरपर्यंत पसरली. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील औरंगजेबाच्या चित्रांवरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला व त्याला हिंसक वळण लागले. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणांच्या वादातून पायथ्याशी असलेल्या गजापुरातील मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. तीन-साडेतीन शतकांपूर्वीच्या ज्या युद्धात दोन्ही छावण्यांत दोन्ही धर्मांची माणसे होती, त्याच्या स्मृतीतून ही सरमिसळ पुसली गेली की उरलेल्या चित्रात शत्रू एकजिनसी होतो, आणि एकजिनसी शत्रूला वारस शोधून देणे सोपे जाते.

क्टेली, हॉडसन आणि ब्रुनो यांनी २०१६ मध्ये मांडलेली एक संकल्पना येथे लागू पडते. तिला प्रति-अमानवीकरण म्हणता येईल. समोरचा गट आपल्याला माणसापेक्षा कमी लेखतो, अशी एखाद्या गटाची समजूत झाली की तो गटही समोरच्याला तसेच लेखू लागतो, आणि ती समजूत खरी असण्याची आवश्यकता नसते. भ्रमणध्वनीवर काही तास झळकणारे चित्र ही समजूत निर्माण करण्यास पुरेसे असते, कारण ते चित्र लावणाऱ्याचा हेतू कोणी विचारत नाही, त्यातून तो आपल्याला काय समजतो एवढेच वाचले जाते. परस्परसंपर्क वाढला की दुरावा घटतो, हा गॉर्डन ऑलपोर्ट यांचा १९५४ मधील सिद्धांत अशा वेळी अपुरा पडतो, कारण या गावांत आणि पेठांत संपर्काचा अभाव कधीच नव्हता. बाजारपेठ, तालीम, उरूस आणि ऊस या सर्वांत दोन्ही समाज एकमेकांत मिसळलेले आहेत. स्वतः ऑलपोर्ट यांनी समान दर्जा, समान उद्दिष्ट आणि अधिकारी संस्थांचा पाठिंबा या अटी घातल्या होत्या. करवीर परिसरातील कोणत्या गावात त्यांपैकी कोणती अट शिल्लक आहे आणि कोणती सुटली आहे, याचा गाववार अभ्यास शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेच्या सहज आवाक्यातील आहे, आणि खाफीखान व भीमसेन यांच्या नोंदींसह पन्हाळा-विशाळगडाच्या सौद्यांची हकिगत शालेय पुस्तकांत आणण्याइतकाच तो निकडीचा आहे.